पाटण: एका लहान गावाचं 'अभ्यासक्षेत्र' कसं लिहायचं?

पीएचडी असो नाहीतर एम.ए.चा लघुप्रबंध, दुसऱ्या प्रकरणाचं नाव बहुतेक ठरलेलं असतं: 'अभ्यासक्षेत्राची ओळख'. त्यात अक्षांश-रेखांश, पर्जन्यमान, लोकसंख्या, स्त्री-पुरुष प्रमाण, साक्षरता, जवळचं रेल्वे स्टेशन आणि शेवटी दोन-तीन प्रेक्षणीय स्थळं. मीही असंच लिहिलं होतं. चौदा पानं, सहा तक्ते. सरांनी ते चाळलं, पेन्सिल खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "हे गाव इथंच का आहे?"

मला सांगता आलं नाही. माझ्या चौदा पानांत पाटणऐवजी दुसऱ्या कुठल्याही तालुक्याचं नाव टाकलं असतं तरी वाक्यं तशीच राहिली असती. हे प्रकरण मी पुन्हा कसं लिहिलं आणि त्यात कुठं कुठं आपटलो, ते आज सांगतो. संशोधनाची तयारी करणाऱ्या, विशेषतः आपल्याच तालुक्यावर काम करायचं ठरवलेल्या मित्रांना उपयोग होईल. आपलंच गाव असलं की सगळं माहीतच आहे असं वाटतं, आणि घोळ नेमका तिथंच होतो.

पहिला घोळ नावाचा. 'पाटण' म्हणजे पट्टण, बाजारपेठेचं गाव. त्यामुळे देशभर पाटणं आहेत. गुजरातचं अन्हिलवाड पाटण आहे, छत्तीसगडमध्ये दुर्गजवळ एक आहे, मध्य प्रदेशात आहे, नेपाळमध्ये ललितपूरचं जुनं नावही पाटणच. सुरुवातीला मी एका डेटासेटमधून नुसतं 'पाटण' शोधून पावसाचे आकडे उतरवले आणि पंधरा दिवस विचार करत बसलो, की कोयनेच्या खोऱ्यात एवढा कमी पाऊस कसा? ते आकडे गुजरातचे होते. तेव्हा पहिला नियम असा, की गाव नावाने शोधायचं नाही. जनगणनेचा गाव-कोड घ्या, जिल्हा-तालुका लावा, नकाशावर बोट ठेवा आणि मगच आकडा उचला. आपलं पाटण सर्वे ऑफ इंडियाच्या ४७ जी/१५ या टोपोशीटवर सापडतं.

टोपोशीट उघडली आणि सरांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णाही तिथंच उगम पावते, पण कोयनेची चाल वेगळी आहे. सह्याद्रीतून देशावर उतरणाऱ्या बहुतेक नद्या पूर्वेकडे, आग्नेयेकडे जातात. कोयना मात्र साठ-पासष्ट किलोमीटर जवळजवळ सरळ दक्षिणेकडे वाहते. तिच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग आणि पूर्वेला बामणोलीची रांग. या दोन भिंतींमधून ती येते आणि हेळवाकजवळ एकदम काटकोनात पूर्वेला वळते. तिथून खोरं हळूहळू रुंदावतं आणि कराडला प्रीतिसंगमावर ती कृष्णेला मिळते. वळणापासून कराडपर्यंतच्या या पट्ट्यातच पाटण आहे, कोयनेच्या डाव्या तीरावर, उत्तरेकडून येणारी केरा जिथं कोयनेला मिळते त्या कोपऱ्यात.

आता याच नकाशावर रस्ता बघा. हेळवाकच्या वळणावरून पश्चिमेला गेलं की कुंभार्ली घाट, घाट उतरला की चिपळूण. म्हणजे नदीने पूर्व-पश्चिम जी वाट कोरून ठेवली आहे तिच्याच कडेने कोकणातून देशावर येणारा रस्ता येतो. आजचा गुहागर-विजापूर महामार्ग हाच. किनाऱ्यावरून मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे आणि देशावरून धान्य, गूळ, मिरची खाली जायची. घाट चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला दमल्यावर थांबायला जी पहिली ऐसपैस जागा लागते, ती इथं आहे. शिवाय केरेच्या खोऱ्यातली गावं उत्तरेकडून आणि मोरणेच्या खोऱ्यातली दक्षिणेकडून याच पट्ट्यात उतरतात. दोन-तीन खोऱ्यांची तोंडं जवळजवळ उघडतात, आणि मधून घाटाची वाट जाते. बाजार तिथंच भरणार, आणि बाजार भरला की पट्टण.

मी आधी लिहिलं होतं, 'पाटण हे कोयना व केरा नद्यांच्या संगमावर वसलेले आहे.' वाक्य बरोबरच आहे, पण त्यातून काहीच कळत नव्हतं.

एक गोष्ट मात्र लगेच लक्षात ठेवा. पाटण गाव आणि पाटण तालुका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तालुका म्हणजे एकच खोरं असंही नाही. तारळ्याकडचा भाग पाटण तालुक्यात आहे, पण तारळी नदी कोयनेला मिळतच नाही, ती उंब्रजला थेट कृष्णेत जाते. तिकडच्या माणसाला बाजाराला, दवाखान्याला उंब्रज-कराड सोयीचं, पाटणला तो तहसीलच्या कामापुरता येतो. ढेबेवाडीच्या वांग खोऱ्याचंही तसंच, त्यांचा उतार कराडकडे. म्हणून 'पाटण तालुक्यातील लोक पाटणच्या बाजारपेठेवर अवलंबून आहेत' असं सरसकट लिहू नका. मी लिहिलं होतं. ढेबेवाडीच्या एका मुलाखतीत समोरचे काका हसले, तेव्हा ते वाक्य कापलं.

पावसाचंही सरासरीत काही कळत नाही. कोयनानगरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून साठेक किलोमीटरवरच्या कराडला त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका. पाटण या उतरंडीवर मध्ये कुठेतरी. पश्चिमेला भात आणि नाचणी, पूर्वेला सरकत गेलं की ऊस, हा बदल एसटीच्या खिडकीतून एका प्रवासात दिसतो. तालुक्याची 'सरासरी' काढून तक्त्यात टाकली की हा सगळा उतार पुसला जातो. एकाच तालुक्यातली दोन-तीन पर्जन्यमापक केंद्रं घ्या आणि पश्चिम-पूर्व क्रमाने मांडा.

इतिहासाकडे येऊ. इथं मुलं दोन चुका करतात. एक म्हणजे सातवाहनांपासून सुरू करून महाराष्ट्राचा सगळा इतिहास सांगतात आणि पाटणला शेवटच्या परिच्छेदात आणतात. दुसरी म्हणजे गॅझेटियर उतरवून काढतात. सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा खंड, १८८५ सालचा. महाराष्ट्र सरकारने नवं काढलं ते १९६३ साली. दोन्ही जरूर वाचा, पण हे लक्षात ठेवून वाचा की जुनं गॅझेटियर महसूल गोळा करणाऱ्या सरकारने स्वतःच्या कामासाठी केलेलं पुस्तक आहे. त्यात कचेरी, वाटा, घाट, किल्ले, बाजार नीट सापडतात, पण शेतात राबणारी बाई सापडत नाही.

गावातून वायव्येला मान वर केली की दातेगड दिसतो, म्हणजेच सुंदरगड. कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर आणि गणपती-मारुतीची शिल्पं यांसाठी लोक तिथं जातात. ट्रेकिंगच्या पोस्टमध्ये ते भरपूर आलंय, मी पुन्हा सांगत नाही. आपल्या कामाचा मुद्दा असा: बामणोलीच्या रांगेला गॅझेटियरमध्ये 'बामणोली-घेरादातेगड' असं जोडनाव आहे. घेरा म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याचा, किल्ल्याला बांधलेला मुलूख. म्हणजे त्या काळच्या माणसाच्या डोक्यात हा भाग किल्ल्याभोवती रचलेला होता. मोरणेच्या बाजूला मोरगिरीचा गुणवंतगड, इकडे दातेगड, आणि मधून कोकणची वाट. दोन्ही गडांचं काम त्या वाटेवर नजर ठेवण्याचं. खाली गावात पाटणकर देशमुखांचं वतन. वसुली देशमुखाकडे, पहारा गडावर, बाजार नदीकाठी अशी ही मांडणी. १८१८ नंतर गडांचं काम संपलं. १८४८ साली साताऱ्याचं राज्य कंपनीने खालसा केलं आणि पुढे पाटण तालुक्याचं ठिकाण झालं, तेव्हा किल्ल्याची जागा कचेरीने घेतली. बाजार तिथंच राहिला.

आता लोकसंख्या. मला सगळ्यात जास्त वेळ इथं लागला.

सगळ्यांना वाटतं, १९०१ पासून २०११ पर्यंतचे आकडे एका रकान्यात लिहिले, दशवार्षिक वाढीचा दर काढला, आलेख काढला, झालं. पण मोजणारी चौकटच हलत असते. उदाहरण घ्या. १९४१ आणि १९५१ चे सातारा जिल्ह्याचे आकडे शेजारी ठेवले तर अर्धा जिल्हा गायब झाल्यासारखा वाटेल. रोगराई नाही, दुष्काळ नाही. १९४९ साली जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. पाटण उत्तर साताऱ्यात राहिलं. १९५१ च्या खंडांवर 'उत्तर सातारा' असं छापलेलं असतं, ते माहीत नसेल तर ग्रंथालयात 'सातारा' शोधत बसाल. माझे दोन दिवस त्यात गेले.

दुसरा खड्डा १९६१ चा. ती गणना झाली तेव्हा कोयना धरणाचं काम ऐन भरात होतं. हेळवाकच्या बाजूला मजुरांच्या, कर्मचाऱ्यांच्या वसाहती होत्या. त्याच वेळी वरच्या अंगाला शंभराच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार म्हणून उठत होती, कुणी सांगलीकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी ठाणे-रायगडकडे. एकाच तालुक्यात एक गर्दी येतेय आणि दुसरी जातेय. तालुक्याच्या एका बेरजेत या दोन्ही एकमेकींना झाकतात. म्हणून १९५१, ६१, ७१ या तीन गणना तरी गावनिहाय बघितल्या पाहिजेत. वाढीचा दर काढून 'लोकसंख्या स्थिर आहे' असं लिहिलं तर ज्यांचं घर बुडालं त्यांना आपण आकडेवारीत दुसऱ्यांदा बुडवलं.

तिसरी गोष्ट, पाटण 'गाव' की 'शहर'? जनगणनेत शहर ठरायचे दोन मार्ग आहेत. एक वैधानिक, म्हणजे नगरपालिका, नगरपंचायत, छावणी वगैरे असेल तर. दुसरा जनगणना-शहर, म्हणजे किमान पाच हजार लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेर, आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. (यात फक्त पुरुषांचंच काम का मोजतात, यावर कुणीतरी स्वतंत्र प्रबंध लिहावा.) २०११ साली पाटणला ग्रामपंचायत होती. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती नगरपंचायती करायचा राज्य सरकारचा निर्णय २०१४ चा, त्यानंतर पाटणला नगरपंचायत आली आणि २०१६ साली १७ प्रभागांची पहिली निवडणूक झाली. तेव्हा २०११ च्या हँडबुकात वैधानिक शहरांच्या यादीत पाटण शोधू नका. आणि उद्या कुणी 'पाटण तालुक्याचं नागरीकरण वाढलं' असा निष्कर्ष काढला, तर आधी विचारा की माणसं वाढली, व्यवसाय बदलले की फक्त पाटी बदलली?

आता खरी गंमत. तालुक्याची लोकसंख्या २०११ साली जवळपास तीन लाख होती आणि २००१ सालीही जवळपास तेवढीच. सातारा जिल्हा त्या दशकात २८,०८,९९४ वरून ३०,०३,७४१ वर गेला, म्हणजे सुमारे सात टक्के वाढला, आणि पाटण जागच्या जागी. जन्म होत नाहीत असं तर नाही. मग माणसं जातात कुठं?

याचं उत्तर कुठल्याही घरात मिळतं. मोरणा खोऱ्यात एका आज्जींना प्रश्नावली भरताना विचारलं, "आज्जी, घरात माणसं किती?"

"सात हायती की."

"आत्ता इथं कोण कोण?"

"आत्ता मी आन् ह्यो नातू."

"बाकीचे?"

"कोपरखैरण्याला. येत्यात की यात्रंला."

मी 'सात' लिहावं की 'दोन'? जनगणनेचा नियम सरळ आहे. गणनेच्या काळात जो नेहमीच्या राहत्या ठिकाणी असतो तो तिथं मोजला जातो, पूर्ण काळ बाहेर असणारा इथं मोजला जात नाही. म्हणजे दोन. पण आज्जींच्या हिशोबात घर सातांचंच आहे. रेशनकार्डावर कदाचित पाच, मतदारयादीत कदाचित चार. हे चारही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. तुमच्या प्रश्नाला कोणता लागू होतो ते आधी ठरवायचं आणि प्रबंधात तसं लिहायचं. शाळेची पटसंख्या कमी का होतेय हा विषय असेल तर 'दोन'. गावची जमीन, भाऊबंदकी, देवळाची वर्गणी, निवडणूक हा विषय असेल तर 'सात' सोडून चालणार नाही.

ही मुंबईची वाट जुनी आहे. आधी गिरण्या आणि गोदी, नंतर घाऊक बाजार. डोक्यावर, पाठीवर ओझं वाहणाऱ्या माथाडी कामगारांत पाटण, जावळीकडची माणसं मोठ्या संख्येने होती. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. १९६९ चा माथाडी कायदा त्या चळवळीतून आला आणि हमालाला भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस या गोष्टी मिळायला लागल्या. मुंबईचा घाऊक बाजार वाशीला हलला तशी माणसंही कोपरखैरणे, घणसोलीकडे सरकली. म्हणून मी माझ्या प्रबंधात एक वाक्य घातलंय की पाटणच्या अभ्यासक्षेत्राचा एक तुकडा नवी मुंबईत आहे. सरांनी त्यावर काही बोलले नाही, म्हणजे चाललं असावं.

याचाच दुसरा धागा स्त्री-पुरुष प्रमाण. सातारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १९९१ साली १,०२९ स्त्रिया होत्या, २००१ साली ९९५ आणि २०११ साली ९८८. मी पहिल्या मसुद्यात १९९१ च्या आकड्यावर लिहिलं होतं, 'यावरून जिल्ह्यात स्त्रियांची स्थिती चांगली असल्याचे दिसते.' अजून आठवलं की लाज वाटते. हजाराच्या वरचं प्रमाण इथं बहुतांशी पुरुष बाहेर गेल्याचं चिन्ह होतं, रत्नागिरीसारखंच. बायका शेत, जनावरं, सासू-सासरे सांभाळत मागे राहिल्या, ते आकड्यात 'अनुकूल' दिसलं. मग नंतर प्रमाण घसरलं ते का? इथं दोन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. पुरुष एकटा जायचा तो बायको-मुलांना घेऊन जायला लागला, त्याने प्रमाण खाली येतं. आणि मुली कमी जन्माला यायला लागल्या, त्यानेही खाली येतं. ही दोन वेगळी करायची असतील तर शून्य ते सहा वयोगटाचं प्रमाण स्वतंत्र बघायचं, कारण लहान मुलं नोकरीसाठी एकटी स्थलांतर करत नाहीत. सातारा जिल्ह्यात ते २००१ आणि २०११ दोन्ही वेळा ९०० च्या खाली होतं. एकूण प्रमाणाच्या आकड्याने ही गोष्ट बरीच वर्षं लपवून ठेवली.

भूगोलाकडे परत येतो, कारण तो इथं अजून संपलेला नाही. कोयना धरणाची आजची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. नदीचा स्वाभाविक उतार पूर्वेकडे, पण वीज करायला पाणी पश्चिमेला कोकणात सोडतात, कारण तिकडे मोठी उडी मिळते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, तीव्रता ६.३ ते ६.५ अशी दिली जाते, आणि पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. तोपर्यंत दख्खनचं पठार स्थिर समजलं जायचं. जलाशय आणि भूकंप यांचा संबंध जगात जिथं जिथं शिकवतात तिथं कोयनेचं नाव येतंच. गोठण्याजवळ शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, त्यात वरचा साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. भूगर्भशास्त्राच्या मुलांनी कराडच्या प्रयोगशाळेचं काम जरूर बघावं.

पाटण धरणाच्या खाली, नदीकाठाने वीसेक किलोमीटरवर आहे. म्हणजे ज्या संगमामुळे बाजार वसला तोच संगम आता पुराची जागा आहे. वरून विसर्ग वाढला आणि त्याच वेळी केरेलाही पाणी असलं की कोयना केरेला आत घेत नाही आणि पाणी गावाकडे सरकतं. मूळगावचा पूल पाण्याखाली गेला की नदीपलीकडची गावं तुटतात. आणि वर डोंगरात वेगळंच संकट: २२ जुलै २०२१ च्या रात्री आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. त्या पावसाळ्यानंतर पुनर्वसनाच्या याद्या सुरू झाल्या आणि आज्जींचा प्रश्न पुन्हा समोर आला. घरात माणसं किती धरायची? कोपरखैरण्याला असलेला मुलगा त्या घराचा की नाही? त्याचं नाव यादीत असेल-नसेल यावर जमिनीचा तुकडा, घराचे पैसे ठरणार असतात. तेव्हा 'नेहमीचे रहिवासी' ही व्याख्या तुमच्या-माझ्या तक्त्याखालची बारीक टीप राहत नाही.

तर सध्या माझं दुसरं प्रकरण बावीस पानांचं झालंय आणि तक्ते सहाचे तीन झालेत. लोकसंख्येच्या तक्त्याला मी एक जादा रकाना जोडलाय, 'या वर्षी मोजणीची हद्द काय होती', आणि तो भरायला बाकी सगळ्या रकान्यांपेक्षा जास्त वेळ लागला. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. पाटण तिच्यात पहिल्यांदा नगरपंचायत म्हणून येईल. तुमच्यापैकी कुणी या भागात काम करणार असेल तर १७ प्रभागांच्या हद्दींचा नकाशा आत्ताच मिळवून जुन्या गाव-नकाशावर ठेवून बघा. नंतर हद्दी बदलल्या की २०११ शी तुलना करताना हाच कागद लागणार आहे.